चिनी कायद्याचे उन्हाळी अभ्यासक्रम

चिनी कायद्याचे उन्हाळी अभ्यासक्रम म्हणजे परदेशी विद्यापीठांनी, मुख्यतः अमेरिकेतील विधी महाविद्यालयांनी, चीनमधील एखाद्या विद्यापीठाच्या सहकार्याने चालवलेले अल्पमुदतीचे वर्ग होत. ते जून-जुलैच्या सुट्टीत, साधारणपणे चार ते सहा आठवडे, बीजिंग, शांघाय अथवा हाँगकाँग येथे भरतात. अध्यापन इंग्रजीतून होते आणि चिनी भाषेचे पूर्वज्ञान सहसा आवश्यक मानले जात नाही.

या अभ्यासक्रमांमुळे चीनमध्ये वकिली करण्याची पात्रता मिळत नाही. तेथील राष्ट्रीय विधिव्यवसाय परीक्षा परदेशी नागरिकांना देता येत नाही. परदेशी वकील-संस्थांना चीनमध्ये प्रतिनिधी कार्यालय उघडता येते, परंतु चिनी कायद्यावर सल्ला देण्याचा व्यवसाय करता येत नाही. या अभ्यासाचा उपयोग वेगळा आहे. न्यायालय, विधिमंडळ आणि सत्ताधारी पक्ष यांचे नाते जेथे निराळ्या रीतीने बांधलेले आहे, अशी एक विधिव्यवस्था विद्यार्थ्याला जवळून पाहता येते. चार आठवड्यांत त्यातील किती हाती लागते, हे बरेचसे त्याच्या पूर्वतयारीवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

चीनमधील विधिसंहितांची परंपरा प्राचीन आहे. थांग राजवटीची ५०२ कलमांची संहिता इ.स. ६५३ मध्ये अधिकृत भाष्यासह सिद्ध झाली. जपान, कोरिया व व्हिएतनाम येथील जुन्या कायद्यांवर तिची छाप स्पष्ट दिसते. छिंग राजवटीच्या संहितेचे जॉर्ज स्टॉन्टन याने केलेले इंग्रजी भाषांतर १८१० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि चिनी कायदा इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचला. १९१५ मध्ये शांघाय येथे सूचौ विद्यापीठाची विधिशाळा सुरू झाली. चिनी कायदा आणि इंग्लंड-अमेरिकेतील कायदा शेजारी शेजारी ठेवून शिकवणे हे तिचे वैशिष्ट्य होते.

१९४९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने आधीच्या राजवटीचे ‘सहा संहिता’ या नावाने ओळखले जाणारे सर्व कायदे रद्द ठरवले. १९५९ मध्ये न्याय मंत्रालयच बंद करण्यात आले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) विधिशिक्षण जवळजवळ थांबले. पुन्हा आरंभ झाला तो १९७९ मध्ये. त्या वर्षी जुलै महिन्यात फौजदारी कायदा, फौजदारी प्रक्रिया कायदा आणि परदेशी भांडवलासह संयुक्त उद्योगांचा कायदा यांसह सात कायदे एकाच वेळी संमत झाले. आज चीनमध्ये शिकवला जाणारा बहुतेक कायदा या वर्षानंतरचा आहे. व्यवस्था एवढी जुनी आणि कायदे एवढे नवे, हे पाहून नवा विद्यार्थी प्रथम गोंधळतो.

हार्वर्ड विद्यापीठात पूर्व आशियाई विधिअभ्यासाचा कार्यक्रम जेरोम कोहेन यांनी १९६५ मध्येच सुरू केला होता, मात्र तेव्हा अमेरिकी अभ्यासकांना चीनमध्ये प्रवेशच नव्हता. १९७९ मध्ये राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. त्यानंतर परदेशी विद्यार्थ्यांचा ओघ वाढला. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठाने चिनी विधिज्ञांना अमेरिकी कायदा शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९९९ मध्ये बीजिंगमध्ये सुरू केला.

स्वरूप

सकाळी व्याख्याने आणि दुपारी भेटी, अशी सर्वसाधारण आखणी असते. भेटींसाठी न्यायालय, वकिलांचे कार्यालय किंवा १९५६ मध्ये स्थापन झालेल्या चीन आंतरराष्ट्रीय आर्थिक व व्यापार लवाद आयोगासारखी संस्था निवडली जाते. माहितीपत्रकात चीनच्या भिंतीची सहल अनेकदा ठळक छापलेली असते, पण विद्यार्थ्याने आधी पाहावयाची गोष्ट म्हणजे शिकवणाऱ्यांची यादी. चिनी न्यायालयांच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेले प्राध्यापक त्यात किती आहेत, यावर वर्गाचा कस ठरतो. अमेरिकी महाविद्यालयांच्या परदेशातील वर्गांना अमेरिकन बार असोसिएशनचे निकष लागू होतात. त्यांत अध्यापनाचे तास, श्रेयांक आणि विद्यार्थ्यांना आगाऊ द्यावयाची माहिती यांचा समावेश असतो.

न्यायालयांची रचना प्रारंभीच शिकवली जाते. प्राथमिक, मध्यम, उच्च आणि सर्वोच्च अशी जन-न्यायालयांची चार पातळ्यांची उतरंड आहे. सामान्यतः एका अपिलानंतर निर्णय अंतिम होतो. पूर्वीचा निवाडा पुढील न्यायालयावर बंधनकारक असतो, हे भारतीय, इंग्रज वा अमेरिकी विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडलेले तत्त्व येथे लागू नाही. सर्वोच्च जन-न्यायालय कायद्याच्या वापराविषयी सर्वसाधारण स्वरूपाची ‘न्यायिक स्पष्टीकरणे’ काढते. प्रत्यक्ष खटल्याशी न बांधलेली ही स्पष्टीकरणे आपल्याकडील नियमावलीसारखी वाचावी लागतात. २०१० मध्ये ‘मार्गदर्शक खटल्यां’ची पद्धत सुरू झाली. तत्सम प्रकरणांत खालच्या न्यायालयांनी हे खटले विचारात घ्यावेत, अशी अपेक्षा असते.

खाजगी कायद्याचा आधार म्हणजे २८ मे २०२० रोजी संमत होऊन १ जानेवारी २०२१ पासून अंमलात आलेली नागरी संहिता. तिच्यात सात भाग व १,२६० कलमे आहेत. नाव, प्रतिमा, प्रतिष्ठा व खाजगीपणा यांसंबंधीच्या व्यक्तिमत्त्वहक्कांना तिने स्वतंत्र भाग दिला आहे. संहिता आल्यावर करार, मालमत्ता, विवाह आदी विषयांवरील आधीचे कायदे रद्द झाले. म्हणून जुनी क्रमिक पुस्तके कलमांच्या क्रमांकांपुरती तरी निरुपयोगी ठरतात.

जमिनीचा विषय परदेशी विद्यार्थ्यांना विशेष विलक्षण वाटतो. शहरांतील जमीन राज्याच्या मालकीची आणि ग्रामीण जमीन बहुतांशी सामूहिक मालकीची असते. घर विकत घेणाऱ्याला इमारतीची मालकी आणि जमिनीचा मुदतीचा वापरहक्क मिळतो. १९९० च्या नियमांनुसार निवासी वापरासाठी ही मुदत कमाल ७० वर्षे, औद्योगिक वापरासाठी ५० आणि व्यापारी वापरासाठी ४० वर्षे आहे. निवासी मुदत संपल्यावर तिचे आपोआप नूतनीकरण होईल, असे नागरी संहिता सांगते. त्यासाठी शुल्क किती, हे मात्र तिने इतर कायद्यांवर सोडले आहे.

भाषांतराची अडचण

इंग्रजीतून चिनी कायदा शिकताना खरी कसोटी शब्दांची असते. ‘छ्युएनली’ या एकाच उच्चाराचे दोन शब्द चिनी भाषेत आहेत. एकाचा अर्थ हक्क आणि दुसऱ्याचा सत्ता. लिपीत ते वेगळे दिसतात, परंतु कानाला त्यांत काहीही फरक जाणवत नाही. हक्क या अर्थाचा शब्द कायद्याच्या परिभाषेत रुळवण्याचे श्रेय विल्यम मार्टिन या अमेरिकी मिशनऱ्याच्या भाषांतराला दिले जाते. हेन्री व्हीटन यांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथाचे त्याने केलेले चिनी भाषांतर १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मराठी वाचकाला ही अडचण समजणे कठीण नाही, कारण मराठीतही ‘अधिकार’ हा शब्द नागरिकाच्या अधिकारासाठी आणि अधिकाऱ्याच्या अधिकारासाठी सारखाच वापरला जातो. मात्र मराठीपाशी ‘हक्क’ हा वेगळा शब्दही आहे.

‘फाझी’ या शब्दजोडीची कथा अशीच आहे. एक ‘फाझी’ म्हणजे कायदेव्यवस्था आणि दुसरा म्हणजे कायद्याचे शासन. १९९९ च्या घटनादुरुस्तीने देशाचा कारभार कायद्यानुसार चालवण्याचे व ‘समाजवादी कायद्याच्या शासनाचे राष्ट्र’ उभारण्याचे सूत्र राज्यघटनेत आणले. २०१८ च्या दुरुस्तीने उद्देशिकेतील पहिला ‘फाझी’ काढून तेथे दुसरा घातला. उच्चार तोच राहिला आणि अर्थ बदलला. त्याच दुरुस्तीने कम्युनिस्ट पक्षाचे नेतृत्व हे चिनी समाजवादाचे निर्णायक लक्षण असल्याचे पहिल्या कलमात नमूद केले. म्हणून या संज्ञेचे भाषांतर ‘कायद्याचे राज्य’ असे करावे की ‘कायद्याद्वारे राज्य’ असे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. इंग्रजी व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत हा वाद पोहोचतच नाही. त्याला भाषांतरकाराने निवडलेला एकच शब्द मिळतो. अशा दहा-पंधरा संज्ञा मूळ रूपात आधीच शिकून जाणे हे सर्वांत फलदायी पूर्वतयारीचे काम होय.

वर्गात चर्चिला जाणारा एक खटला

राज्यघटना आणि न्यायालय यांचे नाते समजावण्यासाठी शान्तोंग प्रांतातील एका विद्यार्थिनीचा खटला अनेकदा शिकवला जातो. १९९० मध्ये ती व्यवसायशाळेच्या प्रवेशपरीक्षेत उत्तीर्ण झाली. तिचे प्रवेशपत्र एका वर्गमैत्रिणीने वडिलांच्या मदतीने मिळवले, तिच्या नावाने शिक्षण पूर्ण केले आणि त्याच नावाने बँकेत नोकरीही धरली. मूळ विद्यार्थिनीला हे १९९९ मध्ये कळले. आपल्या नावाने दुसरीच कोणी नऊ वर्षे जगत होती, हे समजल्यावर तिने दावा दाखल केला.

नावाच्या गैरवापराबद्दल दिवाणी कायद्यात तरतूद होती, परंतु हुकलेल्या शिक्षणाचे काय, असा प्रश्न होता. प्रांताच्या उच्च न्यायालयाने सर्वोच्च जन-न्यायालयाकडे विचारणा केली. ऑगस्ट २००१ मध्ये उत्तर आले की, राज्यघटनेने दिलेल्या शिक्षणाच्या मूलभूत हक्काचा भंग झाला आहे आणि संबंधितांवर दिवाणी जबाबदारी येते. राज्यघटनेच्या आधारे न्यायालये नागरिकांना दाद देऊ लागतील, अशी आशा अनेक चिनी विधिज्ञांना तेव्हा वाटली. डिसेंबर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर काही स्पष्टीकरणांबरोबर हेही रद्द केले. ते आता लागू केले जात नाही, एवढेच कारण दिले गेले. राज्यघटनेचा अर्थ लावण्याचा अधिकार राष्ट्रीय जन-काँग्रेसच्या स्थायी समितीकडे आहे आणि कायदे घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार न्यायालयांना नाही, ही स्थिती कायम राहिली.

विषय तेथेच संपला नाही. प्रवेशचोरीची इतर प्रकरणे पुढे उजेडात आल्यावर फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ मार्च २०२१ पासून दुसऱ्याच्या नावाने उच्च शिक्षणातील प्रवेश बळकावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. घटनात्मक हक्क म्हणून जे न्यायालयाच्या वाटेने टिकले नाही, ते काही अंशी विधिमंडळाच्या वाटेने मिळाले. भारतीय विद्यार्थ्याला येथे सर्वोच्च न्यायालयाची रिट याचिका आठवते, आणि तुलना तेथूनच सुरू होते.

हाँगकाँग व मकाव

१ जुलै १९९७ नंतरही हाँगकाँगमध्ये इंग्रजी परंपरेचा कायदा चालू राहिला. तेथील मूलभूत कायद्याचा अंतिम अर्थ लावण्याचा अधिकार मात्र बीजिंगमधील स्थायी समितीकडे आहे. ३० जून २०२० रोजी लागू झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतर हा विषय शिकणे आणि शिकवणे दोन्ही अधिक नाजूक झाले आहे. ड्यूक विद्यापीठाचा उन्हाळी वर्ग अनेक वर्षे हाँगकाँग विद्यापीठात भरत असे.

मकावचा कायदा पोर्तुगीज परंपरेतील आहे आणि येथे गोव्याशी थेट संबंध जुळतो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून सागरपार प्रदेशांना लागू झाली. त्यांत गोवा आणि मकाव दोन्ही होते. पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता केली, तेव्हा गोवा भारतात आलेला असल्याने तेथे जुनीच राहिली. मकावला नवी मिळाली आणि १९९९ मध्ये, हस्तांतरापूर्वी, तिच्या जागी स्थानिक संहिता आली. विवाह व पतिपत्नींची सामायिक मालमत्ता यांबाबत गोव्यात आजही जुन्या संहितेचा अंमल आहे.

भारतीय विद्यार्थी

भारतीय विद्यार्थ्याला अशा वर्गाचे श्रेयांक पदवीसाठी धरले जातील की नाही, हे त्याचे विद्यापीठ ठरवते. ती विचारणा शुल्क भरण्यापूर्वी लेखी करावी. व्यावसायिक दृष्टीने लवाद हे सर्वांत उपयुक्त क्षेत्र आहे. भारत सरकारने २०१२ मध्ये लवाद कायद्याखाली चीनला अधिसूचित केल्याने तेथील लवादाचे निवाडे भारतात अंमलात आणता येतात. चिनी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांना दिवाणी प्रक्रिया संहितेखाली तशी थेट सवलत नाही.

मार्च २०२० मध्ये चीनने परदेशी नागरिकांचा प्रवेश थांबवला आणि प्रत्यक्ष वर्ग बंद पडले. चीनमध्ये शिकणारे अनेक भारतीय विद्यार्थी २०२२ पर्यंत मायदेशीच अडकून होते. दोन्ही देशांतील थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. १८० दिवसांपर्यंतच्या शिक्षणासाठी ‘एक्स-२’ प्रकारचा व्हिसा लागतो आणि त्यासाठी यजमान संस्थेचे प्रवेशपत्र आवश्यक असते. गूगलच्या सेवा तेथे चालत नसल्याने वाचनसाहित्य निघण्यापूर्वीच उतरवून घ्यावे लागते. १ जुलै २०२३ पासून हेरगिरीविरोधी कायद्याची व्याप्ती वाढली आहे. प्रबंधासाठी मुलाखती वा कागदपत्रे जमवायची असतील, तर यजमान विद्यापीठाची पूर्वसंमती घेतली जाते.