राखणीस पिलूं नर घ्यावें कीं मादी?

नरडाण्याच्या शिवारांत कापूस वेंचणीस आला, कीं मळ्यावर राखणीस कुत्र्याचें पिलूं आणण्याचा विचार होतो, आणि बहुतेक शेतकरी मादी सोडून नरच उचलतात. नर राखणीस अधिक तिखट, असा समज आहे. आमच्या मतें तो तपासून घेण्याजोगा आहे.

परका दिसतांच भुंकण्याचा गुण दोघांतही असतो. नर अंगानें थोडा थोराड खरा. परंतु जवळपास कुत्री माजावर आली, कीं तो रात्रभर भटकतो, झुंजींत जखमी होतो, आणि खळें उघडें पडतें. मादी इतकी भटकत नाहीं. मात्र ती वर्षांतून बहुधा 2 वेळां माजावर येते, माज सुमारें 3 आठवडे टिकतो, आणि गाभण राहिल्यास सुमारें 63 दिवसांनीं विते. नको झालेलीं पिलें वाटेवर सोडलीं, तर तीं गांवासच पीडा होतात.

पशुवैद्याकडून नसबंदी करविल्यास हे दोष पुष्कळ कमी होतात; राखण मात्र कमी होत नाहीं. ती करावयाची नसेल, तर माजाचे दिवस कोंडून ठेवण्याची सोय असणारानें मादीच घ्यावी. तिचे दिवस मोजतां येतात. नराचे भटकणें मोजतां येत नाहीं.

पिलूं 8 आठवड्यांचें झाल्यावरच आईपासून तोडावें. तें 3 महिन्यांचें होतांच पिसाळ रोगाची लस टोंचून घ्यावी, व पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें ती चालू ठेवावी. हा रोग माणसास एकदां जडला, कीं मृत्यु जवळजवळ ठरलेलाच. तेव्हां शेतकरी बंधूंनीं या खर्चांत काटकसर करूं नये.