कोबा आधी उघडा होऊ द्या

सोलापुरात पायाखालची जमीन म्हटलं की शहाबादी फरशी डोळ्यांसमोर येते. पण अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये, गोदामात, गॅरेजमध्ये पाहिलं तर खाली बऱ्याचदा साधा कोबाच असतो. कोबा झिजतो, धूळ सोडतो, तेल पितो. म्हणून कधीतरी त्यावर ऑइल पेंटचा हात फिरवलेला असतो. हातगाड्यांच्या चाकांखाली त्या रंगाचे पोपडे सुटू लागले की मालकाच्या मनात इपॉक्सी येतं. मग चौकशी होते ती कंपनीची, जाडीची आणि चौरस फुटाच्या दराची. खालच्या जुन्या रंगाचं काय करणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. खरं तर वेळेचा आणि पैशाचा मोठा वाटा त्या जुन्या रंगावरच जायला हवा. इपॉक्सीचा डबा उघडणं हे त्यामानाने सोपं काम आहे.

याचं कारण इपॉक्सीच्या ताकदीतच आहे. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की रासायनिक क्रिया होऊन कडक थर तयार होतो आणि चांगल्या काँक्रीटला तो इतका घट्ट धरतो की ओढून पाहिल्यास थर सुटण्याआधी काँक्रीटचाच टवका निघतो. अशा जमिनीसाठी दर चौरस मिलिमीटरला किमान दीड न्यूटन ओढ सोसणारा पृष्ठभाग मागितला जातो. म्हणजे नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेने सुमारे पंधरा किलोची ओढ सोसायची. जुन्या ऑइल पेंटची तेवढी ऐपत नसते. शिवाय सिमेंट अल्कधर्मी. खालून ओल आली की ऑइल पेंटमधल्या तेलाचा हळूहळू साबण होतो. साबणावर उभारलेला मजला कितीही महाग असला तरी घसरणारच.

‘रंग घट्ट बसलाय, मग तो कशाला काढायचा?’ हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. उत्तर अंदाजाने न देता तपासून द्यावं. धारदार सुरीने रंगावर जाळीसारख्या उभ्या-आडव्या चिरा माराव्यात, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. चौकोन सुटून आले तर प्रश्न मिटला: रंग काढायचा. नाही सुटले तर कडक थिनरमध्ये भिजवलेलं फडकं घासून पाहावं. रंग मऊ पडून फडक्याला लागला तर तो साधा इनॅमल; नवा थर त्याला सुरकुत्या पाडू शकतो, म्हणून तोही काढायचा. थिनरलाही दाद दिली नाही तर तो बहुधा जुना दोन घटकांचा रंग असावा. त्याची चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासून त्यावर नवा थर देता येतो. फक्त ही परीक्षा कोपऱ्यातल्या एका सुरक्षित जागी उरकू नये. चाकांची वाट, दाराजवळची पट्टी, भिंतीच्या कडेचा भाग, यंत्राखालची जागा, सगळीकडे करावी.

गवंड्याचं ठेवणीतलं उत्तर असतं, ‘ॲसिड मारू.’ ॲसिड सिमेंट खातं, रंग खात नाही. जिथे रंग शिल्लक आहे तिथे ते नुसतं वाहून जातं, उघड्या जागी खड्डे पाडतं, वर क्षार आणि पाणी मागे ठेवतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये तर त्याच्या वाफेने लोखंड गंजतं, तो तोटा वेगळाच. खात्रीचा मार्ग डायमंड चाकाच्या ग्राइंडरचा. जागा मोठी असेल तर लोखंडी छर्ऱ्यांच्या यंत्राचा. त्याआधी तेलाचे डाग साबणाच्या गरम पाण्याने आणि ब्रशने काढून पाणी उपसून घ्यावं, नाहीतर ग्राइंडर तेच तेल सगळीकडे पसरवतो. घासून झालेल्या कोब्यावरून हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा लागला पाहिजे. त्यावर पाण्याचा थेंब टाकावा: शोषला गेला तर ठीक, मोत्यासारखा उभा राहिला तर रंग किंवा तेल अजून आहे.

घासताना उडणाऱ्या धुळीची तक्रार मात्र खरी आहे. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसं निकामी करते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, म्हणून त्याआधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच काम करावं. ग्राइंडरला व्हॅक्यूम जोडलेला, कामगाराच्या तोंडावर बारीक धूळ अडवणारा मास्क, आणि सूत, टॉवेल, चादरी शेडबाहेर. यात काटकसर नको.

‘सोलापूर कोरडं, इथे ओल कुठली?’ असं म्हणणाऱ्यांनी काळ्या मातीचा विचार करावा. इथला पाऊस बेताचा, पण त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो आणि काळी माती ते पाणी धरून ठेवते. जुन्या कोब्याखाली प्लास्टिकचा कागद नसेल तर ती ओल वर येते. रंग काढल्यावर दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक चारही बाजूंनी पट्टीने चिकटवून किमान सोळा तास ठेवावं. खाली दव किंवा काळपट डाग दिसला तर थांबावं. ही परीक्षा रंगावर केली तर काहीच कळत नाही, कारण रंगच ओल अडवून बसलेला असतो. उलट मे महिन्यात उन्हाचा त्रास. पारा चाळिशीपार गेला की मिसळलेलं इपॉक्सी डब्यातच घट्ट होऊ लागतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की कामाचा वेळ साधारण निम्मा होतो. तापत्या कोब्यातली हवा फुगून थरात बुडबुडे आणते, ते निराळंच. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, आणि थर द्यायचा तो दुपार उतरल्यावर.

हे सगळं महाग पडतं, हे मान्य. एक दुचाकी उभी राहणाऱ्या जागेसाठी एवढा घाट कोणी घालू नये. तिथे शहाबादीच बरी. पण शेडसाठी दरपत्रक मागवताना रंग काढणे, तेल काढणे, भेगा भरणे, प्राइमर आणि वरचा थर यांचे दर वेगवेगळ्या ओळींत मागावेत. पहिल्या दोन ओळी ज्या ठेकेदाराच्या कागदावर नाहीत, त्याचा एकूण आकडा सर्वांत कमी का आहे हे लगेच कळतं. आणि ओलीची परीक्षा उरकून कोबा शेवटचा साफ झाला की प्राइमर शक्यतो त्याच दिवशी मारून घ्यावा. शेजारी माग चालू असतील तर सकाळपर्यंत त्यावर कापसाच्या तंतूंची नवी चादर पसरलेली असते.