रेसिंग कारची ऊर्जा जाते कुठे?

नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्याला मोटारींच्या शर्यतीची जोड दिली की मागच्या बाकावरची मुलंही कान टवकारतात. मात्र शर्यतीबद्दलचे काही समज आधी दुरुस्त करावे लागतात.

गैरसमज: वेग दुप्पट, तर ऊर्जा दुप्पट.

वस्तुस्थिती: चौपट. नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या मुलांना हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच समजावता येईल. ताशी ४० ऐवजी ८० किमी वेगाने जाणारी दुचाकी तेवढ्याच जोराच्या ब्रेकने थांबवायला अंतरही चौपट लागतं.

गैरसमज: पेट्रोलमधली सगळी ऊर्जा चाकांना मिळते.

वस्तुस्थिती: इथे फळ्यावर आकडेमोड कराच. ८०० किलोची फॉर्म्युला वन कार ताशी ३०० किमी वेगाने धावते, तेव्हा तिची गतिज ऊर्जा साधारण २८ लाख ज्यूल असते. एवढी ऊर्जा १०० मिलिलिटरपेक्षा कमी पेट्रोलमध्ये असते, म्हणजे टपरीवरच्या एका कटिंगएवढ्या! मग २०२५ पर्यंतच्या नियमांत एका शर्यतीला ११० किलोपर्यंत इंधनाची मुभा का होती? कारण बराच भाग एक्झॉस्ट आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन निघून जातो, उरलेल्यातला मोठा वाटा हवेचा विरोध खातो आणि प्रत्येक वळणाआधी कमावलेला वेग ब्रेकखाली घालवावा लागतो. मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन इंजिनाने २०१७ मध्ये चाचणीत ५० टक्के कार्यक्षमता ओलांडली, तर तीही बातमी झाली. साध्या मोटारीत याहून बरीच कमी ऊर्जा कामी येते.

गैरसमज: ब्रेक दाबला की ऊर्जा संपते.

वस्तुस्थिती: संपत नाही, तापते. शर्यतीत कार्बनच्या ब्रेक डिस्क १००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊन लालभडक होतात. ब्रेक लावताना अशी वाया जाणारी ऊर्जा साठवून पुन्हा वापरायची सोय फॉर्म्युला वनमध्ये २००९ साली आली. आपल्या थ्री-फेज लोकलही तेच करतात: स्टेशनात शिरताना मोटर जनित्र बनते आणि वीज ओव्हरहेड तारेत परत जाते. सगळी मात्र परत येत नाही. काही वाटा उष्णतेत जातोच.

गैरसमज: शर्यत म्हणजे नुसता वेग.

वस्तुस्थिती: फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत सुमारे २२ किमीच्या फेरीत किती ऊर्जा खर्च झाली, यालाही स्वतंत्र गुण असतात. याच स्पर्धेसाठी आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या विजेच्या रेसिंग कार इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला नेल्या आहेत. त्यांचं पवई रबाळ्यापासून ऐरोली पुलापलीकडेच.

शिक्षकांनी ऊर्जेच्या हिशोबाला गुण देण्याची हीच युक्ती वर्गात वापरावी. रबरबँडवर धावणाऱ्या पुठ्ठ्याच्या गाड्यांची शर्यत लावा, पण पहिलं बक्षीस सर्वांत वेगवान गाडीला देऊ नका. ताणलेल्या रबरातली ऊर्जा कुठे कुठे गेली, याचा पूर्ण हिशोब मांडणाऱ्या गटाला द्या.