चपलेचा फोम आणि आपली मळी



खडकवासल्याच्या उजव्या कालव्याला आवर्तन सुटले की रात्री-अपरात्री दारे धरायला जावे लागते. त्या वेळी आपल्या पायात बहुधा फोमची चप्पल असते. वजनाला हलकी, आणि चिखलाने भरली तरी पाटात बुचकळली की स्वच्छ. हा फोम आता उसापासूनही होतो, अशी बातमी काही सभासदांच्या कानी आली आहे. बातमी खरी आहे, पण ती नीट समजून घ्यायला हवी.

जुनी हवाई चप्पल स्पंज रबराची असे. आताचे पुष्कळ तळ 'ईव्हीए' नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. एथिलीन आणि व्हिनाइल अ‍ॅसिटेट यांच्या संयोगाने ते बनते. त्यात वायू सोडणारी पूड मिसळून साच्यात दाबून तापवतात. साचा उघडला की आत कोंडलेल्या वायूने तळ टम्म फुगतो. भज्याच्या पिठात सोडा घालावा तसाच हा प्रकार. फरक एवढाच की भजे तेल पिते. फोममधल्या पोकळ्या मात्र बंद कुप्यांसारख्या असतात, म्हणून पाणी आत शिरत नाही.

या कुप्यांतच त्याचे गुण आणि दोष दोन्ही आहेत. टाचेखालच्या कुप्या हळूहळू चपटतात आणि मऊपणा जातो. तापलेल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेली चप्पल आक्रसते, मग ती पायात जात नाही. सर्वात वाईट म्हणजे तोडलेल्या उसाचा तिरका बुडखा या तळातून सरळ पायात घुसतो. खोडव्यात आणि तोडणीच्या फडात ही चप्पल नकोच. तिथे जाड रबरी तळाचा बूट पाहिजे.

दुसरा फोम पॉलियुरेथेनचा. तो चांगल्या बुटांना असतो. पण हवेतल्या ओलाव्याने त्याची घडण तुटत जाते. लग्नकार्यासाठी जपून ठेवलेला बूट काही पावसाळे कपाटात काढतो आणि ऐन मांडवात त्याच्या तळाचा भुगा होतो. आमची स्वतःची अशी फजिती झालेली आहे. न वापरता ठेवला म्हणून तो टिकतो असे नाही.

आता उसाकडे वळू. एथिलीन एरवी खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूपासून काढतात. पण अल्कोहोलची वाफ तापलेल्या अ‍ॅल्युमिनावरून नेली की त्यातले पाणी सुटते आणि एथिलीन उरते. ब्राझीलच्या ब्रास्केम कंपनीने २०१० साली त्रिउंफो येथे वर्षाला २ लाख टन क्षमतेचा असा कारखाना सुरू केला. तिच्या उसाच्या ईव्हीएचे तळ २०१८ साली अमेरिकेतील ऑलबर्ड्स कंपनीने बाजारात आणले. आपल्या देशालाही ही वाट अगदी नवखी नाही. १९६० च्या दशकात बरेलीला अल्कोहोलपासून कृत्रिम रबर होत असे.

हिशेब मांडून पाहू. एक टन उसाच्या रसापासून सरळ अल्कोहोल केले तर सुमारे ७० लिटर मिळते, आणि त्यातून एथिलीन निघते जेमतेम ३२ किलो. साखर काढून उरलेल्या मळीचे केले तर टनामागे अल्कोहोल १० लिटरच्या आसपास, म्हणजे एथिलीन साडेचार किलो. शिवाय २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने गाठले, त्यामुळे डिस्टिलरीच्या मालाला तिथेच गिऱ्हाईक आहे. तेलापासूनचे एथिलीन बहुधा स्वस्त पडते, हेही आहेच.

आणि पाण्याचे काय? ब्राझीलचा ऊस बहुतांशी पावसावर येतो. आपला ऊस कालव्यावर उभा, आणि पुणे शहराची तहानही त्याच धरणसाखळीवर. मळी गाळप झालेल्या उसाचीच असते, तिला वेगळे पाणी लागत नाही. तिच्यापासून फोम निघत असेल तर आमची हरकत नाही. पण चपलेसाठी आणखी ऊस लावा, असे कोणी सांगत आले, तर आवर्तन किती दिवसांनी मिळणार ते आधी त्याच्याकडून लिहून घ्यावे.