शनिवारची पोटदुखी

मागच्या पावसाळ्यात एक बाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाचे पोट दुखत होते. तपासले तर पोट मऊ, ताप नाही, जुलाब नाहीत. जंताचे औषध देऊन पाठवले. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. तिसऱ्या खेपेस केसपेपरवरच्या तारखा पाहिल्या आणि माझी मलाच लाज वाटली. तिन्ही वेळा शनिवार होता.

चौकशी केली तेव्हा कळले, की नवरा-बायको वर्षभर वेगळे राहतात. न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी वडील मुलाला घेऊन जातात. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, वडिलांकडे जावं लागतं म्हणून हा आजारी पडतो, असा दाखला द्या. कोर्टात लागेल."

मी दाखला दिला नाही. मी मुलाचे पोट तपासले होते, वडिलांना तपासले नव्हते. तक्रार काय, कोणत्या दिवशी आणि तपासणीत काय आढळले, एवढेच लिहून दिले. मग बाईंना बाहेर बसवून मुलाशी बोललो. तो म्हणाला, "घरी आलो की आजी विचारते, तिकडे काय काय बोलले. तिकडे गेलो की बाबा विचारतात, आई काय म्हणते. मी काय सांगू?"

वाचकहो, हे दुखणे ढोंग नव्हे. मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते आणि पोट खरोखरच दुखते. काही मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, काहींची झोप उडते, काही अभ्यासात मागे पडतात. मात्र सगळे मनाचेच म्हणून सोडून देऊ नये. वजन घटणे, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, ताप किंवा झोपेतून उठवणारी पोटदुखी असेल, तर तपासण्या केल्याच पाहिजेत. अंथरूण ओले होणे नव्याने सुरू झाले, तर लघवी व साखर तपासावी.

कायदा काय म्हणतो?

ताबा म्हणजे खटल्यातली हारजीत, असा आपल्याकडे समज आहे. १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, दोन्हींमध्ये मुलाचे हित महत्त्वाचे मानले आहे. १९५६ च्या कायद्यानुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे. पण पाचवा वाढदिवस झाला की मूल आपोआप वडिलांचे, असा त्याचा अर्थ नाही. मूल जाणते असेल तर न्यायालय त्याची इच्छाही विचारात घेऊ शकते.

मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब खटल्यात सांगितले. २०२० च्या यशिता साहू खटल्यात त्याच न्यायालयाने मुलाला दोघांचेही प्रेम मिळाले पाहिजे, यावर भर दिला. भेट शक्य नसेल तेव्हा फोन किंवा व्हिडिओ कॉलवर बोलणे व्हावे, असेही सुचवले. ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो.

घरच्यांनी काय करावे?

न्यायालय वार आणि वेळ ठरवून देते. त्या वेळी दारात काय बोलायचे, हे मात्र आपणच ठरवायचे असते.

मूल सोपवताना भांडण, टोमणे, पैशांचा हिशेब नको. दोघांना समोरासमोर येणे जड जात असेल, तर मामा-काकांपैकी शांत माणसाने ने-आण करावी. मूल परत आले की "जेवलास का?" एवढे विचारावे, उलटतपासणी करू नये. लसीकरणाचे कार्ड, चालू औषधे, दम्याचा पंप मुलाबरोबर पाठवावा आणि कोणता डोस केव्हा दिला ते चिठ्ठीवर लिहावे. भेटीचा दिवस मुलाला आधी सांगावा आणि ठरलेली भेट शक्यतो चुकवू नये.

मात्र मारहाण, व्यसन किंवा लैंगिक छळाची शंका आली, तर गप्प बसू नये. मुलाला ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे आणि वकिलामार्फत न्यायालयाला कळवावे. १०९८ या क्रमांकावर मुलांसाठी मदत मिळते.

त्या मुलाच्या आईशी आणि नंतर वडिलांशी मी वेगवेगळे बोललो. आजींनाही बोलावून घेतले. त्या आधी रागावल्या, मग डोळ्याला पदर लावला. पोटदुखी एकदम थांबली नाही, हळूहळू कमी झाली. दिवाळीनंतर तो मुलगा पुन्हा आला, तो सर्दीसाठी. केसपेपरवर तारीख घालताना मी वार पाहिला. बुधवार होता.