पेटंट मिळालं, पुढे काय?

इंटरनॅशनल सिटीत राहणाऱ्या मंडळींना ड्रॅगन मार्टची ओळख करून द्यायला नको. सुट्टीच्या दिवशी 'नुसतं बघून येऊ' म्हणून निघायचं आणि लसूण सोलायचं, लिंबू पिळायचं, बटाट्याच्या चकत्या करायचं असं काहीबाही घेऊन परतायचं! चायना क्लस्टर असो की इंग्लंड, कुणाच्याही ओट्याखालचा खण उघडा, ही प्रजा सापडणारच. यातली प्रत्येक वस्तू कधीतरी कुणाला तरी पहिल्यांदा सुचली असणार. खोक्यावर त्याचं नाव मात्र नसतं.

अशीच रोजच्या वापरातली यंत्रं सुचणारा आणि नाव हरवून बसलेला एक मराठी माणूस म्हणजे शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईचा, 1867 चा. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून गॅस तयार करणारं उपकरण बनवलं होतं म्हणतात. (आईची काय अवस्था झाली असेल!) पुढे वाण्याच्या दुकानातला सुटा माल आपोआप तोलून देणारं यंत्र त्यांनी काढलं आणि लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत इंग्रज स्पर्धकांना मागे टाकलं. मग गृहस्थ थेट लंडनलाच गेले.

तिथे पाठीशी उभे राहिले दादाभाई नौरोजी. भिशांनी काय काय केलं? स्वयंपाकघरातली उपकरणं, डोकेदुखीवरचं उपकरण, आपोआप पाणी सोडणारा संडास, इतकंच काय, बायकांच्या अंतर्वस्त्रातली एक सुधारणासुद्धा! त्या काळच्या मुंबईत हे पत्रातून कळवलं असेल का, कोण जाणे.

पण जीव अडकला होता तो 'भिसोटाइप'मध्ये. छापखान्याचे खिळे भराभर ओतणारं हे यंत्र. ते बाजारात आणायला लागणारं भांडवल काही उभं राहिलं नाही. 1907 मध्ये दादाभाई मायदेशी परतले आणि पुढच्या वर्षी भिशांनीही लंडनचा गाशा गुंडाळला.

पेटंट म्हणजे पैसा, असा आपल्याकडे गोड समज आहे. खरं तर पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क, तोही मुदतीचा. भिशांच्या वेळी इंग्लंडात ही मुदत 14 वर्षांची होती आणि हक्क टिकवायला मधून मधून फी भरावी लागे. तुम्ही भांडवलदारांचे उंबरठे झिजवताय आणि घड्याळ चालूच! शिवाय प्रत्येक देशाचं पेटंट वेगळं. भारतात घेतलेलं आज इथे अमिरातीत चालत नाही. आपल्या मुलांपैकी कुणाला खरंच काही नवं सुचलं, तर शाळेच्या प्रदर्शनात मांडण्याआधी अर्जाची चौकशी करा. वस्तू आधीच चारचौघांत दाखवली, तर ती 'नवी' राहिली नाही म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

भिशांना दुसरी संधी मिळाली ती बोटीवर. परतीच्या प्रवासात गोपाळ कृष्ण गोखले भेटले आणि त्यांनी रतनजी टाटांकडे शब्द टाकला. टाटांच्या पैशावर लंडनला पुन्हा काम सुरू झालं. तेवढ्यात 1914 चं महायुद्ध आलं आणि टाटांनीही हात आखडता घेतला. मला राहून राहून वाटतं, छोट्या वस्तूंपैकी एखादीच धरून नेटाने विकली असती तर? पण छोट्यावर समाधान मानणारा माणूस घर सोडून एवढ्या लांब कशाला जाईल? हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर भिसे न्यूयॉर्कला गेले. खिळे ओतायच्या यंत्राचा नाद तिथेही सुटला नाही, पण पैसा दिला तो आयोडीनच्या एका औषधानं, आटोमिडाईननं. 1930 साली त्यांची खुद्द एडिसनशी भेट झाली. लोक त्यांना भारताचे एडिसन म्हणतच होते. 1935 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कलाच ते वारले. भिसोटाइप आज कुणाला आठवत नाही. आटोमिडाईनची बाटली मात्र त्यांच्या पश्चातही अमेरिकेत विकली जात राहिली.