गिटारची अधांतरी घोडी

गेल्या उन्हाळ्यांत परभणी जिल्ह्यांतील पेडगांव येथें एका स्नेह्यांच्या घरीं आमचें जाणें झालें. त्यांच्या मुलास वादनाचा फार नाद. कापसाचे पैसे हातीं आल्यावर वडिलांनीं त्याच्यासाठीं एक वापरलेली इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. पण ती कोपऱ्यांत भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या सहा तारांपैकीं एक तुटलेली होती. "वाद्यच खोटें निघालें, येईल त्या किंमतीस विकून टाकूं," असें वडील म्हणाले. मुलगा मान खालीं घालून ऐकत होता. त्याची हकीकत अशी : पहिली तार सुरांत आणावी, मग दुसरी आणावी, असें करीत सहावीपर्यंत पोहोंचावें, तों पहिली उतरलेली असे. तीन दिवस त्यानें हा फेरा घातला आणि चौथ्या दिवशीं तार तुटली.

आम्हीं वाद्य उलटें करून पाहिलें. खोट वाद्यांत नव्हती. त्याच्या घोडीचा स्वभाव त्या घरांत कोणास ठाऊक नव्हता, इतकेंच. आमच्या वाचकांपैकींही कित्येकांस तो ठाऊक नसेल, म्हणून येथें चार शब्द लिहितों.

तंबोऱ्याची घोडी तबलीवर स्थिर बसलेली असते. एका तारेची खुंटी पिळली म्हणून दुसरीचें कांहीं बिघडत नाहीं. या गिटारची घोडी मात्र दोन खांबांवर सुरीच्या पात्यासारख्या धारेनें नुसती टेकलेली असते. वरच्या बाजूनें सहा तारा तिला मानेकडे ओढतात. वाद्याच्या पाठींत एक पोकळी असते, तींतील स्प्रिंगा घोडीखालच्या लोखंडी ठोकळ्यास धरून उलट ओढतात. दोन्ही ओढी सारख्या झाल्या म्हणजे घोडी तराजूच्या दांडीप्रमाणें समतल राहते. तिला जोडलेली दांडी दाबली कीं सहाही तारांचा सूर एकदम खालीं घसरतो, उचलली कीं चढतो. सितारिया तार आडवी ओढून मींड काढतो, तसाच हा कांहींसा प्रकार. याला ट्रेमोलो म्हणतात तें खरें पाहतां चुकीचें आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणाचा कंप, सुराच्या चढउताराचा नव्हे. पण नांव रूढ झालें, त्यास इलाज नाहीं.

स्प्रिंगांवर डुलणारी घोडी लिओ फेंडर यांच्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारींत १९५४ सालींच आली होती. तिची अडचण अशी कीं, दांडी जोरानें दाबून सोडली कीं तारा मानेच्या टोकाशीं असलेल्या खांचांतून सरकत व पूर्वीच्या सुरावर परत येत नसत. फ्लॉइड रोझ या अमेरिकन वादकानें यावर उपाय काढला : तार दोन्ही टोकांस, खांचेपाशीं आणि घोडीपाशीं, स्क्रूनें आवळून टाकावी, म्हणजे सरकण्यास वावच उरत नाहीं. १९७९ सालीं त्यास याचें पेटंट मिळालें. परंतु खांचेपाशीं तार आवळल्यावर खुंट्या निरुपयोगी होतात. म्हणून पुढें घोडीवरच सूक्ष्म जुळणीचे सहा लहान स्क्रू बसविण्यांत आले. आमच्या तंबोऱ्यास हें नवें नाहीं. मिरजेच्या कारागिरांच्या तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्यांपैकीं कोणताही पाहा, घोडीच्या खालच्या अंगास तारेंत ओंवलेला मणी दिसेल. खुंटीनें न साधलेला बारीक सूर तोच साधतो.

आतां त्या मुलाचा फेरा. नेहमींच्या बारीक तारांचा संच पूर्ण सुरांत असतां सहा तारांची मिळून ओढ सुमारें ३८ किलो असते. एक तार अधिक ताणली कीं घोडी पुढें झुकते आणि उरलेल्या पांच सैल होतात. सुतळीची बाज ज्यानें ताणली असेल त्यास हें सांगावयास नको.

यावर युक्ति सोपी आहे. घोडी आधीं अडवावी, मग तारा जुळवाव्या. पाठीमागचें झांकण काढून, स्प्रिंगा ज्या पट्टीस अडकविल्या असतात तिचे दोन स्क्रू थोडे सैल करावे. नंतर ठोकळा आणि पोकळीची शेपटाकडील भिंत यांमध्यें लाकडाची चीप अशी बसवावी कीं घोडी वाद्याच्या पृष्ठाशीं समांतर राहील. चिपेची जाडी येथें महत्त्वाची; ती घासून घासूनच नेमकी होते. सूक्ष्म जुळणीचे स्क्रू मध्यावर ठेवावे. नवी तार चढवितांना तिच्या टोकाचा गोळा कापून उघडें टोंक घोडींत आवळावें. मग खुंट्यांनीं सुरांत आणावें, तारा हातानें हलकेच ओढाव्या, पुन्हा जुळवाव्या. नवी तार पहिल्या दिवशीं उतरतेच. घोडी अडलेली असल्यामुळें आतां एक तार दुसरीस बिघडवीत नाहीं.

सहाही तारा सुरांत आल्यावर पट्टीचे दोन स्क्रू आळीपाळीनें, पाव पाव वेढा, आवळीत जावें. चिपेवरचा दाब कमी होत जातो, आणि एका क्षणीं ती आपोआप सैल होऊन गळून पडते. तोच तराजू समतोल झाल्याचा क्षण. सूर पुन्हा तपासावा, अगदीं थोडा फरक राहिला तर खुंट्यांनीं काढावा, आणि मगच मानेकडील कुलूप आवळावें. आवळतांना सूर किंचित हलतो. तो घोडीवरच्या लहान स्क्रूंनीं सुधारतो. हें कुलूप आवळलें असतां खुंटी पिळूं नये. त्या मुलाची तार तशीच तुटली होती.

घोडीची उंची बदलावयाची असेल तर तारा आधीं सैल कराव्या. ताणाखालीं खांब फिरविला कीं धार बोथटते, आणि धार बोथटली कीं घोडी ठिकाणावर परत येत नाहीं. आणखी एक : वादनांत एक तार तुटली तर स्प्रिंगांची ओढ वरचढ होऊन उरलेल्या पांचही चढतात. म्हणून नवशिक्यानें असली गिटार घेऊं नये, स्थिर घोडीची घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. पण घेतलीच असेल तर ती विकण्याचें कारण नाहीं.

पेडगांवीं आम्ही दुपारीं बसलों तें दिवेलागणीपर्यंत. चीप गळून जमिनीवर पडली तेव्हां मुलाच्या आधीं वडीलच ती उचलावयास वांकले. ती आतां गिटारच्या पिशवींत असते.